साखरेच्या पोत्यातले पाणी

निर्यातीचा हिशेब आपण टनांत आणि रुपयांत मांडतो. किती माल गेला, कोणत्या बंदरातून गेला, किती परकीय चलन आले, याची नोंद काटेकोर ठेवली जाते आणि ती तशी ठेवलीच पाहिजे. शेतमालाच्या बाबतीत मात्र मालाबरोबर आणखी एक वस्तू देशाबाहेर जाते आणि तिची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. तो माल पिकवताना खर्ची पडलेले पाणी ही ती वस्तू. जिथे पाऊस विपुल आहे आणि नद्या बारमाही आहेत, तिथे ही नोंद राहून गेली तरी फारसे बिघडत नाही. जिथे वर्षाचा पाऊस मोजक्या दिवसांत पडतो आणि उरलेले वर्ष त्याच्या साठ्यावर काढायचे असते, तिथे या राहून गेलेल्या नोंदीची किंमत कोणाला तरी मोजावी लागते. ती कोण मोजतो, हे पाहण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली.

मी पाटबंधारे खात्यात होतो. मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला, लहानमोठ्या प्रकल्पांच्या कालव्यांवर माझी सेवा झाली. पाणी मोजणे हे आमचे काम. धरणात किती दशलक्ष घनमीटर साठा आहे, त्यातून बाष्पीभवन किती वजा करायचे, पिण्यासाठी किती राखून ठेवायचे, कालव्याच्या मुखाशी किती क्युसेक सोडले म्हणजे टेलच्या शेतकऱ्यापर्यंत काही पोहोचेल, हे सारे आकडे आमच्या वह्यांत असत. शेतकरी सात नंबरचा अर्ज भरून पाणी मागत, आवर्तनाचा कार्यक्रम लागे, पाळी येई आणि जाई. चारीच्या दारातून पाणी शेतात गेले की आमचा हिशेब संपत असे. पुढे त्या पाण्याचे काय झाले, ते कोणत्या रूपात कोठे गेले, हे विचारण्याची पद्धत खात्यात नव्हती. पाणी जमिनीत मुरले, पिकाने प्यायले, एवढेच आम्हाला ठाऊक.

हा पुढचा हिशेब जगापुढे ठेवला तो लंडन विद्यापीठातील भूगोलाचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी. मध्यपूर्वेतील देश इतक्या कमी पाण्यावर कसे जगतात, या प्रश्नाचा मागोवा घेताना १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या ध्यानात आले की हे देश धान्य आयात करतात आणि त्या धान्याबरोबर ते पिकवायला लागलेले पाणीही आयात करतात. या पाण्याला त्यांनी आभासी पाणी म्हटले. नेदरलँड्सचे आर्येन हुक्स्त्रा यांनी २००२ पासून त्याचे मोजमाप करण्याची रीत घालून दिली. ॲलन यांना या कामासाठी २००८ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळाले. तेच पारितोषिक १९९३ साली आपल्या माधवराव चितळे यांना मिळाले होते. चितळे यांच्याच अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्ये राज्याच्या नद्यांची उपखोरी तपासून कोणती विपुलतेची आणि कोणती तुटीची, अशी वर्गवारी केली. ॲलन यांनी आयात करणाऱ्या कोरड्या देशांची कथा सांगितली. चितळे आयोगाचा नकाशा समोर ठेवला की आपल्याला उलट प्रश्न पडतो. तुटीच्या खोऱ्यातून जेव्हा माल बाहेर जातो, तेव्हा काय घडते?

मी उसाचेच उदाहरण घेतो, कारण माझ्या कालव्यांवरचे पाणी प्रामुख्याने उसालाच जात असे. महाराष्ट्रात एकूण लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस आहे आणि राज्याच्या सिंचनाचे सुमारे सत्तर टक्के पाणी तो घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच नमूद केले आहे. नाबार्ड आणि इक्रिअर या संस्थांनी २०१८ मध्ये देशातील प्रमुख पिकांच्या जल-उत्पादकतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या आणि तशा अभ्यासांतून दिसते की महाराष्ट्रात एक किलो साखरेमागे साधारण दोन हजार लिटर सिंचनाचे पाणी लागते. उत्तर प्रदेशात त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे आकडे जिल्ह्यागणिक आणि पद्धतीगणिक बदलतात, परंतु प्रमाण समजण्यासाठी ते पुरेसे आहेत.

साखरेचे एक पोते पन्नास किलोंचे असते. म्हणजे एका पोत्यामागे एक लाख लिटर पाणी. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे मानक आहे. पाच माणसांच्या घराला या मानकाने वर्षाला जेवढे पाणी लागते, ते एक लाख लिटरच भरते. कारखान्याच्या गोदामात थप्पीवर थप्पी रचलेली पोती मी अनेकदा पाहिली आहेत. हा गुणाकार एकदा केल्यावर मात्र त्या थप्प्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. प्रत्येक पोते म्हणजे एका कुटुंबाचे एक वर्ष, हा अर्थ मनातून जात नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात मी लातुरात होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते. मार्च महिन्यात शहरातील पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. कृष्णेचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटर प्रवास करून मांजरेच्या काठच्या शहरात आले. देशभर त्याची वार्ता झाली. रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी आणि प्रशासनाने ते काम ज्या तत्परतेने केले, तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. तथापि वर सांगितलेल्या हिशेबाने पाच लाख लिटर म्हणजे साखरेची पाच पोती. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली, तिच्यातले पंचवीस लाख लिटर म्हणजे पंचवीस पोती. त्याआधीच्याच हिवाळ्यात मराठवाड्यातील कारखान्यांचे गाळप झाले होते आणि तिथून साखरेचे ट्रक भरून गेले होते. रुळांवरून आत येणारे पाणी सर्वांना दिसले. रस्त्यांवरून बाहेर गेलेले पाणी कोणाला दिसले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हा हिशेब अन्यायकारक ठरेल. पाणी लागले म्हणजे पाण्याची हानी झाली, असे समीकरण मांडता येत नाही. स्वीडनच्या मालिन फाल्केनमार्क यांनी पाण्याचे हिरवे आणि निळे असे दोन प्रकार मानले. पावसाचे जे पाणी जमिनीच्या ओलाव्यात राहते आणि पिकाच्या मुळांतून, पानांतून हवेत जाते ते हिरवे. जे नदीत, धरणात, विहिरीत जमते आणि दुसरीकडे नेता येते ते निळे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ओलीवर येणारी ज्वारी हिरव्या पाण्यावर वाढते. ती ज्वारी नसती तर त्याच ओलीवर गवत आले असते आणि पाणी हवेतच गेले असते. ती ज्वारी जगाच्या कोणत्याही टोकाला विकली तरी गावाच्या हंड्यातला थेंब कमी होत नाही. कोल्हापूरच्या पश्चिमेला, जिथे पंचगंगा दरसाल पूर घेऊन येते, तिथल्या उसाचा प्रश्नही वेगळा आहे. खरा प्रश्न निळ्या पाण्याचा आहे, आणि तोही ज्या खोऱ्यात त्याच्यावर एकाहून अधिक हक्कदार आहेत, त्या खोऱ्यातला. उसाला हंगामभरात दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. मराठवाड्यात सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, सोलापूरकडे त्याहून कमी. मधली तफावत भरून काढायची ती धरणातून किंवा जमिनीच्या पोटातून. आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी फार साठत नाही. वरच्या झिजलेल्या थरात असते तेवढेच. त्याखाली आठशे-हजार फुटांवर बोअर नेऊन जे पाणी उपसले जाते, ते कधी भरून निघेल याची शाश्वती नसते.

बाजाराला यातला भेद कळत नाही. पंचगंगेच्या काठची साखर आणि मांजरेच्या काठची साखर एकाच प्रतीची असते, एकाच भावाने विकली जाते आणि एकाच जहाजात चढते. ज्या खोऱ्यात पाणी उरते तिथले आणि ज्या खोऱ्यात माणसे टँकरची वाट पाहतात तिथले पाणी यांचे मोल त्या भावात सारखेच, म्हणजे शून्य, धरलेले असते.

मराठवाड्यातील एका प्रकल्पावर असताना दर उन्हाळ्यात आमच्यावर एक काम येई. धरणात पिण्यासाठी राखून ठेवलेले पाणी नदीपात्रातून खालच्या बंधाऱ्यापर्यंत पोहोचवायचे असे. तिथून पुढच्या गावांच्या नळयोजना चालत. पात्र कोरडे, वाळू तापलेली. सोडलेल्या पाण्यातले बरेचसे ती वाळूच पिऊन टाकी. उरलेले पाणी पुढे सरकू लागले की दोन्ही काठांवरच्या मोटारी सुरू होत. म्हणून पाणी सोडण्याआधी नदीकाठचा वीजपुरवठा तोडावा लागे. वीज मंडळाचे कर्मचारी, तलाठी, पोलीस आणि आम्ही रात्री काठाने फिरत असू. डिझेलचे इंजिन कुठे वाजते का, याचा कानोसा घ्यायचा. काठावर गुडघ्याएवढा ऊस उभा असे, पाने पिवळी पडू लागलेली. ज्याने कर्ज काढून लागण केली, त्याच्या डोळ्यांदेखत पाणी वाहत होते आणि ते त्याला घेता येत नव्हते. खालच्या गावांत बायाबापड्या आणि लहान मुली हंडे घेऊन कोरड्या टाकीखाली बसल्या आहेत, हे आम्हाला माहीत होते. काठावरच्या शेतकऱ्यालाही माहीत होते. त्याची स्वतःची लेक कदाचित त्याच गावात दिलेली असेल.

अशाच एका रात्री एक वयस्क शेतकरी बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “साहेब, लाइट तोडली ती तुमची नोकरी हाय, त्याबद्दल राग न्हाई. पर मला एक सांगा. कारखान्यात ह्या उसाची नोंद दिली तवा कुणी इचारलं का, की आबा, एवढ्याला पाणी कुठनं पुरवणार?”

मी विचारले, “ज्वारी, हरभरा घेतला असता तर?”

“घेत हुतो की. ज्वारी घेऊन मोंढ्यात गेलं की भाव दुसरा सांगतो. उसाला टोळी माझ्या बांधावर येती, वजन काट्यावर हुतं, पैसं बँकेत पडत्यात. आज न्हाई पडलं तर उद्या पडतील. पोरीचं लगीन कशाच्या भरवशावर ठरवायचं?”

त्यांचे म्हणणे न्याय्य होते. उसाला केंद्र सरकार रास्त आणि किफायतशीर दर ठरवून देते. तोडणीनंतर चौदा दिवसांत पैसे द्यावेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलेले आहे. ते नेहमी पाळले जात नाही, तरी लिहिलेले आहे. ज्वारीला, तुरीला, करडईला हमीभाव जाहीर होतो. बांधावर येऊन घेणारा कोणी नसतो. अशा स्थितीत ज्याच्या हाती थोडे पाणी आहे, तो ऊस लावणार. त्याला दोष देणारे बहुधा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार घेणारे असतात, आणि मीही त्यांतलाच एक होतो. म्हणून या विषयाचा विचार करताना शेतकऱ्याच्या लोभाची भाषा मी वापरत नाही आणि वाचकांनीही वापरू नये, अशी माझी विनंती आहे. त्याने जे निवडले, ते निवडणे शहाणपणाचे ठरेल अशी व्यवस्था इतरांनी रचली.

ती व्यवस्था आजची नाही. दख्खनमधील पहिले मोठे कालवे दुष्काळाच्या भयातून खोदले गेले. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा झाला. अवर्षणात ज्वारी-बाजरीला एखादे पाणी मिळावे आणि माणसे जगावीत, हा त्यामागचा हेतू होता. पण चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी कालव्याचे पाणी घेईनात. त्यांना त्याची गरज नव्हती. कालव्याचा खर्च निघेना, आणि मग पाणीपट्टीचे उत्पन्न वाढावे म्हणून बारमाही उसाला उत्तेजन दिले गेले. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरेवर ब्लॉक पद्धत आणली, तिच्यात उसाचे क्षेत्र मर्यादित ठेवून पाणी अधिक शेतांना फिरवण्याचा प्रयत्न होता. पुढे सहकाराने या उसाला माणसांचे बळ दिले. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रवरेच्या सहकारी कारखान्याच्या प्रयोगाने सामान्य शेतकरी कारखान्याचा मालक होऊ शकतो, हे सिद्ध केले. शाळा, दवाखाने, रस्ते त्यातून उभे राहिले. त्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. मात्र दुष्काळातून तारण्यासाठी आणलेले पाणी एका पिकाच्या स्वाधीन झाले आणि तेच रूप घेऊन ही व्यवस्था पूर्वेकडच्या अधिक कोरड्या मुलखात सरकत गेली, हेही खरे आहे. १९८७ साली राज्याने आठमाही, म्हणजे उन्हाळा वगळून आठ महिनेच, पाणीवाटपाचे धोरण स्वीकारले. कागदावर ते आजही आहे.

बराच काळ ही साखर मुख्यतः देशाच्या गरजेसाठी होती. निर्यात मोठ्या प्रमाणावर सुरू झाली तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले. २०१९-२० च्या हंगामात देशात साखर अतिरिक्त झाली, भाव पडले, उसाची देणी थकली. तेव्हा केंद्राने साठ लाख टनांच्या निर्यातीला टनामागे १०,४४८ रुपयांचे अनुदान दिले. शेतकऱ्यांची देणी फिटावीत हा हेतू रास्तच होता. परंतु हिशेब मांडून पाहा. प्रत्येक किलो साखरेबरोबर आपण परदेशी ग्राहकाला करदात्याचे जवळजवळ साडेदहा रुपये दिले, आणि ती साखर कोरड्या खोऱ्यातली असेल तर दोन हजार लिटर पाणीही दिले. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवरून जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा समितीने २०२१ च्या डिसेंबरात साखरेवरील आपल्या अनुदानांविरुद्ध निर्णय दिला. भारताने त्यावर अपील केले. तो सारा वाद व्यापाराच्या नियमांचा होता. २०२१-२२ मध्ये अनुदानाशिवायही एक कोटी टनांहून अधिक साखर देशाबाहेर गेली, तिच्यातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा. २०२३ च्या ऑक्टोबरानंतर निर्यात रोखून धरली गेली, तेव्हा कारण देशातला पुरवठा आणि भाव हे होते. २०२५ च्या जानेवारीत पुन्हा दहा लाख टनांना परवानगी मिळाली. या कोणत्याही निर्णयात पाण्याचा विचार झाल्याचे माझ्या वाचनात आले नाही. महाराष्ट्राच्या दराने दहा लाख टन साखरेमागे सत्तर टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरावे लागते. जायकवाडीचा नाथसागर काठोकाठ भरला, तर त्याचा उपयुक्त साठा सुमारे ७७ टीएमसी असतो.

सौदी अरेबियाने हा मार्ग शेवटापर्यंत चालून पाहिला आहे. १९८० च्या दशकात त्या देशाने गव्हाला जागतिक भावाच्या कित्येक पट आधारभूत किंमत दिली, वाळवंटात खोल विहिरी खणल्या आणि थोड्याच वर्षांत तो गव्हाच्या मोठ्या निर्यातदारांत गणला जाऊ लागला. ते पाणी हजारो वर्षांपूर्वी, हवामान निराळे असताना, भूगर्भात साठलेले होते. ते पुन्हा भरणारे नव्हते. २००८ मध्ये तेथील सरकारने देशी गव्हाची खरेदी टप्प्याटप्प्याने थांबवून २०१६ पर्यंत संपवण्याचे ठरवले. नंतर चाऱ्याच्या पिकांवरही बंधने आली, आणि तिथल्या गाईंसाठी लागणारा लसूणघास अमेरिकेच्या ॲरिझोनातील वाळवंटात, तिथल्या भूजलावर पिकू लागला. २०२३ मध्ये ॲरिझोनाच्या शासनाने राज्याच्या जमिनीचे ते भाडेपट्टे संपुष्टात आणण्याचा निर्णय घेतला. ज्यांनी एकदा आपले पाणी गव्हाबरोबर बाहेर पाठवले, त्यांना पुढे दुसऱ्यांच्या वाळवंटातले पाणी चाऱ्याबरोबर आणावे लागले. तेलाचा पैसा होता म्हणून त्यांना हे जमले. आपल्या तालुक्यांना ते कसे जमावे?

निर्यातच करू नये, असे मी म्हणत नाही. नाशिकची आणि तासगावची द्राक्षे, सांगोल्याची डाळिंबे युरोपात आणि आखातात जातात. ठिबकवर, मोजून पाणी देऊन वाढवलेल्या या पिकांतून पाण्याच्या प्रत्येक घनमीटरामागे उसाहून पुष्कळ अधिक मिळकत होते आणि अनेक हातांना काम मिळते. कोरड्या प्रदेशाने थोडे पाणी देऊन मोठे मोल मिळवावे आणि त्यातून धान्य विकत घ्यावे, हा व्यवहार समंजस आहे. पण त्यालाही मर्यादा आहेत. टंचाईच्या वर्षी बागा जगवण्यासाठी विकतचे टँकर धावतात, तेव्हा शेजारच्या वस्तीची विहीर उपसली जाते. ठिबकाबद्दलही माझा अनुभव संमिश्र आहे. ठिबकाने पाणी वाचते, यात शंका नाही. २०१७ मध्ये राज्याने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. परंतु माझ्या कालव्यांवर वाचलेले पाणी धरणात राहिल्याचे मला क्वचितच दिसले. ते शेजारच्या एकरावर गेले आणि तिथेही ऊसच उभा राहिला. साधन बदलले आणि मर्यादा ठरली नाही, तर बचत म्हणजे केवळ विस्तार होतो.

मर्यादा ठरवणे अशक्य नाही, हे याच राज्यात दाखवून दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावी पाणी पंचायतीचा आरंभ केला. तिचे नियम आजही वाचताना मन स्थिरावते. पाण्याचा वाटा जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचा, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकता येणार नाही. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. हिवरे बाजार या गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली असेच केले. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरसाल पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा. जेवढे आले तेवढ्यावर पिके ठरवायची. या दोन्ही ठिकाणी लोक बाजारापासून तुटले नाहीत. हिवरे बाजारचा कांदा, भाजी, दूध बाहेरच जाते. फरक एवढाच की गावाला लागेल ते आधी बाजूला काढले जाते आणि विक्रीचा विचार त्यानंतर होतो.

नोकरीत असताना एका गोष्टीचा उलगडा मला सावकाश होत गेला आणि आज मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ती काळासंबंधी आहे. धरणातल्या साठ्याचा हिशेब आम्ही १५ ऑक्टोबरला करतो. पावसाळा सरलेला असतो, किती पाणी आले ते कळते, कालवा सल्लागार समितीची बैठक होते आणि वर्षाचे वाटप ठरते. आडसाली उसाची लागण मात्र जुलै-ऑगस्टमध्ये झालेली असते. तेव्हा पावसाळा अर्धाही उलटलेला नसतो. तो ऊस सोळा-अठरा महिने शेतात राहतो. म्हणजे साठा कळण्याच्या आधीच पुढचा संपूर्ण उन्हाळा त्याच्या नावे लिहून दिलेला असतो, आणि खोडवा ठेवला तर त्यापुढचाही. ऑक्टोबरात समिती जे वाटते, त्यातले बरेचसे आधीच वाटले गेलेले असते. एप्रिल-मे महिन्यांत आपण ज्याला टंचाई म्हणतो आणि जिच्यावर टँकर, रेल्वे, वीजतोड असे उपाय करतो, तिचा निर्णय आदल्या वर्षीच्या आषाढ-श्रावणात कारखान्याच्या एका गट कार्यालयातल्या नोंदवहीत झालेला असतो. त्या वहीत शेतकऱ्याचे नाव असते, गट नंबर असतो, उसाची जात आणि लागणीची तारीख असते. पाण्याचा रकाना नसतो. त्या रात्री बांधावरच्या शेतकऱ्याने नेमके हेच विचारले होते.

हा रकाना घालता येण्यासारखा आहे. साखर आयुक्तालय आणि जलसंपदा विभाग ही एकाच शासनाची दोन कार्यालये आहेत. एकाजवळ उसाची नोंद आहे, दुसऱ्याजवळ पाण्याची. तुटीच्या उपखोऱ्यांत कारखान्याने किती उसाची नोंद घ्यावी, हे त्या उपखोऱ्यात खात्रीने उपलब्ध होणाऱ्या पाण्यातून पिण्याचा वाटा वजा करून ठरवता येईल. ज्या शेतकऱ्याची नोंद त्यामुळे नाकारली जाईल, त्याच्या ज्वारी, तूर, हरभरा आणि करडईसाठी उसासारखीच बांधावरची खरेदी उभी करणे ही शासनाची जबाबदारी राहील. त्याशिवाय नोंद नाकारणे अन्यायाचे होईल. आणि केंद्राने निर्यातीचा कोटा कारखानानिहाय वाटून देताना कारखाना कोणत्या खोऱ्यात आहे, हे पाहावे. ती माहिती उपलब्ध आहे.

पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम, असे राज्याच्या जलनीतीत २००३ पासून लिहिलेले आहे. आज तो मे महिन्यात, नदीकाठची वीज तोडून पाळला जातो. तो जुलैत, उसाची नोंद घेताना पाळला गेला पाहिजे.